न विचारलेलं उत्तर

१

प्रश्न विचारताना गोकुळाचा आवाज अजिबात कापला नाही. या एका प्रश्नासाठी ती दोन पावसाळे थांबली होती.

"सांगा साहेब, माह्या तलावाच्या पाण्यात कोणतं औषध निघालं?"

पिंजऱ्यात चंद्रपूरच्या प्रयोगशाळेचे अधिकारी उभे होते. वकील न लावता ती दावा स्वतःच चालवत होती, आणि तिनेच त्यांना साक्षीला बोलावलं होतं. त्यांनी हातातला अहवाल एकदा पाहिला आणि म्हणाले, "कोणतंच नाही."

टाइप करणाऱ्या माणसाची बोटं थांबली.

"कोणतंच नाई म्हणजे?"

"ज्या कीटकनाशकांची तपासणी मागितली होती, त्यांपैकी एकही या पाण्यात आढळलं नाही."

"बाटली बदलवली कोणीतरी!" गोकुळा ओरडली.

"गोकुळाबाई," न्यायाधीश म्हणाल्या. वयाने लहान, पण बोलणं शांत. "प्रश्न विचारा. आरोप करू नका."

"बाटलीची लाख शाबूत होती," अधिकारी आपणहून म्हणाले. "लाखेवर बांगडीचा ठसा होता. त्याचा फोटो आहे."

फोटो गोकुळाच्या हातात आला. बाटली बंद करताना तिने ओल्या लाखेवर आपल्या मनगटातली चांदीची बांगडी दाबली होती. बांगडीवरची वेल, वेलीवरचा चेपलेला भाग, सगळं तसंच उमटलेलं होतं. बांगडी या क्षणीही तिच्या हातात होती. लग्नानंतर ती कधी उतरलीच नव्हती.

समोरच्या पक्षाचे श्रीहरी वकील खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "मला उलटतपासणी करायची नाही. बाईंनी माझं काम केलं."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं.

न्यायाधीश हसल्या नाहीत. "हा अहवाल केव्हाचा कोर्टात येऊन पडला होता. साक्षीदाराला बोलावण्याआधी तुम्हाला तो वाचता आला असता."

"आपल्याच बाजूचा आहे असं वाटलं जी."

"मी तुम्हाला आधीही सांगितलं होतं. विधी सेवा समितीकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो. अजूनही अर्ज करा. पुढच्या तारखेला युक्तिवाद आहे, त्यानंतर माझ्याही हातात फारसं काही राहणार नाही."

गोकुळा बाहेर आली. करंजटोल्याचा तलाव मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर बायांच्या गटाने ग्रामपंचायतीकडून ठेक्याने घेतला होता, आणि गोकुळा गटाची अध्यक्ष होती. दोन वर्षांपूर्वी, पोळा तोंडावर असताना, एका सकाळी तलावातले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. तिने तलावाकाठी शेती करणाऱ्या शालिकरामवर दावा लावला. त्याने धानावर फवारलेल्या औषधाचा पंप तलावात धुतला, असं तिचं म्हणणं होतं. पंचायतीने मात्र ठराव करून ठेवला होता: दावा हरला तर मासे गटाच्याच हलगर्जीने मेले असं धरू आणि तलाव बाहेरच्या ठेकेदाराला देऊ. गटातल्या कुठल्याच बाईकडे शेत नव्हतं. जे होतं ते पाण्यातच होतं.

तिचा दीर अमर झाडाखाली मोटरसायकलपाशी थांबला होता. नवरा कोलू गेल्यापासून तिचं घर त्यानेच सांभाळलं होतं, आणि केसची सगळी धावपळही त्याचीच.

"शालिकरामनं बाटली बदलवली, वैनी."

"लाखेवर ठसा माह्याच बांगडीचा होता गा."

"मंग ठसाही बनवला असन. त्याच्यापाशी का कमी आहे?"

गोकुळाने मनगटाकडे पाहिलं. ठसा खोटा नव्हता. तो चेपलेला भाग कोलूच्या हातून झाला होता. तसा दुसरा कुणाला जमला नसता. म्हणजे बाटली खरी होती, पाणीही खरं होतं. मग विष गेलं कुठे?

२

आरमोरीत सुगंधाबाईंचं घर कोर्टापासून लांब नव्हतं. त्यांनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. गोकुळा वर्षानुवर्षं त्यांना मासळी देत आली होती. बाई बोलायच्या कमी, पण मासा साफ करायच्या आधी त्याचे कल्ले उघडून बघायच्या, आणि "आजचा नाही, कालचा आहे" असं सांगून गोकुळाला लाजवायच्या.

आज गोकुळा टोपली न घेता आली होती. ओसरीवर बसून तिने सगळं सांगितलं आणि मग पदरात तोंड लपवलं.

"रडून झालं की मला सांग," सुगंधाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी काय काय मेलं?"

"सगळंच."

"सगळं म्हणजे काय? नावं घे."

"रोहू, कतला, मिरगल. मरळ. बारीकसारीक सगळी मासोळी."

"झिंगे?"

गोकुळाने वर पाहिलं. "झिंगे नाई मेले. त्याच्यावरच तर तो महिना काढला. तुमच्या घरीही देल्ले होते ना, बाई."

"दिले होतेस. म्हणून विचारलं." "मेलेल्या माशांचं काय केलंत?"

"पुरले."

"सगळे?"

गोकुळाचा आवाज खाली गेला. "काही घरी खाल्ले, बाई. मी नको म्हणत होती. पण कोणाले काई झालं नाई."

"हे कोर्टात सांगितलंस?"

"नाई. अमर म्हणे, असं सांगाचं नसते."

"त्या सकाळी पाणी कसं दिसत होतं?"

"गढूळ. अन् कोपऱ्यात फेस. पांढरा, साबणासारखा. औषधाचाच होता तो. मी तसं शपथेवर सांगितलं आहे."

सुगंधाबाई उठल्या आणि चपला पायात सरकवल्या. "मला तलाव दाखव. आणि गोकुळा, आपण काय बोललो ते कुणाला सांगू नकोस. घरातही नाही."

"घरात कोणाले सांगाचं? अमरच तर आहे."

सुगंधाबाईंनी दाराला कडी घातली. 'घरातही नाही' हे त्यांचे शब्द गोकुळाला रस्ताभर टोचत राहिले.

३

धान कापून झालं होतं. शालिकराम आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रचून ठेवलेल्या पुंजण्यांपाशी बसला होता. गोकुळाला पाहून त्याने बिडी विझवली नाही.

"या वकिलीणबाई, या! आज काळा कोट कुठी राह्यला?"

"दात काढू नको, शालिकराम."

"काढीन नाई तर काय करीन? दोन वर्षं तूनं मले तारखा दाखवल्या. साक्षीदार तुहा, प्रश्न तुहा, अन् उत्तर माह्या कामी आलं! एवढं तर माह्या वकिलानंही नाई केलं."

सुगंधाबाईंनी त्याचं बोलणं संपू दिलं. मग विचारलं, "शालिकरामभाऊ, तुम्ही पंप धुतला होता?"

"धुतला ना. नाई कशाले म्हणू? पण नहरीत." त्याने हाताने दाखवलं. तलावाच्या पारेखालून, म्हणजे बांधाखालून, पाण्याची नहर निघत होती आणि तिचं पाणी त्याच्या बांधीत उतरत होतं. "तलावाचं पाणी माह्याकडे येते. माह्यं पाणी तलावात कसं चढन? पाण्याले का पाय आहेत?"

"तुले तलावात पंप धुताना पाह्यलं होतं," गोकुळा म्हणाली.

"कोणं?"

"अमरनं."

"अमरनं पाह्यलं. तूनं पाह्यलं का?" त्याने बिडीचा धूर सोडला. "त्या दिवशीपासून एक गोष्ट मले समजून नाई राह्यली. आपलं वाकडं कशावरून होतं, गोकुळा? नहरीवरून कधी भांडलो, खरं. पण तुह्या कोलूच्या तिरडीले मी खांदा देल्ला होता. तूनं मले एकदा इचारलंही नाई. सरळ नोटीस!"

आपण विचारायला का गेलो नाही, हे गोकुळाला नेमकं आठवत होतं. अमर म्हणाला होता, आता त्याच्याशी बोलली तर केस कच्ची होईल.

"फेस कुठल्या कोपऱ्यात होता?" सुगंधाबाईंनी विचारलं.

गोकुळाने बोट केलं आणि तिचं बोट हवेतच राहिलं. फेस होता तो कोपरा शालिकरामच्या बाजूला नव्हताच. तो थेट पलीकडे होता, जिथे वरच्या बोडीचं पाणी तलावात पडतं तिथे. बोडी म्हणजे चढावरचं छोटं तळं. तिचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडलं की पाणी उतारावरून तलावात येतं.

"ती बोडी कुणाची?"

शालिकराम हसला. "आता बरोबर दरवाजा ठोकून राह्यली, म्याडम. सरपंचाची."

सरपंच गुणवंतराव. तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा ठराव ज्यांनी मांडला होता तेच.

४

गुणवंतरावांनी दोघींना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि बोडीचं नाव निघताच बशी खाली ठेवली.

"बोडी माह्या नावानं आहे. पण त्या साली मी तिच्यात पाय नाई टाकला."

"मंग कोणं टाकला?" गोकुळा उठून उभी राहिली. "तलाव ठेकेदाराले द्याचा तुम्हीच म्हणता. बोडी तुमची. मासे माह्ये मेले. जनता आंधळी नाई, भाऊ!"

"बस खाली. ठराव मी मांडला, उघड मांडला. बारा गावाले माहीत आहे. लपूनछपून इख टाकाची मले काय गरज?" त्यांनी सुगंधाबाईंकडे वळून आवाज जरा सौम्य केला. "बोडी बटईनं देल्ली होती, अर्ध्या वाट्यानं, मास्तरीणबाई. तोंडी. कोणाले, ते कोर्टानं इचारलं तर सांगीन. हिले नाई सांगत. उद्या ही माह्यं नाव घेऊन कोर्टात काय बोलन, भरवसा नाई. हिच्या तोंडाले गाळणी नाई."

"हिच्याकडे वकील असता तर सांगितलं असतंत?"

"वकिलानं नोटीस पाठवली असती तर उत्तर देणं भागच होतं. मी तर हिले तवाच म्हणलो होतो, वकील लाव बाई, हे काम बाजारात मासळी इकाचं नाई. तर हिनं मले काय म्हणावं? 'तुमच्यासारख्यांच्या खिशातले वकील मले नाई पाह्यजे.'"

रस्त्यावर आल्यावर गोकुळा धापा टाकत होती. "हाच आहे, बाई. याच्यावरच दावा लावतो मी आता."

"पुन्हा न विचारता?"

गोकुळा थांबली.

"ज्याला लपवायचं असतं, तो माणूस तुला वकील लाव म्हणेल का?" सुगंधाबाई म्हणाल्या. "वकील पहिल्या दिवशी काय करतो, माहीत आहे? जागा पाहतो. पाणी कुठून येतं, कुठे जातं, विचारतो. आपण आज अर्ध्या दिवसात केलं तेवढंच. कुणीतरी दोन वर्षं हे होऊ दिलेलं नाही. उद्या सकाळी माझ्याकडे ये. येताना थोडी मोहाची ढेप घेऊन ये."

"ढेप? साप येऊ नये म्हणून अंगणात टाकतो, ती?"

"तीच."

त्या रात्री गोकुळाला झोप लागली नाही. भिंतीपलीकडे अमर आणि त्याची बायको रिंकू हळू आवाजात बोलत होते. नेहमी त्या आवाजाने तिला घर भरलेलं वाटायचं. आज ती कान देऊन ऐकत होती, आणि आपण कान देऊन ऐकतोय याचीच तिला भीती वाटत होती.

५

मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेल्या ढेपेचा तुकडा सुगंधाबाईंनी चुरून काचेच्या बरणीत टाकला, पाणी ओतलं, झाकण लावून बरणी हलवली आणि ओट्यावर ठेवली.

पाण्यावर पांढरा फेस चढला. दाट, साबणासारखा. दोघी बघत बसल्या. फेस बसायचं नाव घेईना.

"रिठ्यात असतं ना, त्याच जातीचं द्रव्य मोहाच्या ढेपेत असतं," सुगंधाबाई म्हणाल्या. "ते माशाच्या कल्ल्यांवर बसतं आणि त्याचा श्वास कोंडतं. झिंग्यांना मात्र ते फारसं बाधत नाही. फवारणीचं औषध बरोबर उलटं असतं. ते किड्यांसाठी केलेलं असतं, आणि झिंगा किड्याच्या जवळचा. तलावात फवारणीचं औषध पडलं असतं तर सगळ्यात आधी झिंगे मेले असते. तुझे झिंगे जगले, तेव्हाच शालिकराम सुटला."

"अन् ज्याईनं मासे खाल्ले..."

"त्यांना काही झालं नाही. ढेपेनं मेलेला मासा लोक खातात. बाटली कुणी बदलली नाही, गोकुळा. प्रयोगशाळेला फवारणीचं औषध शोधायला सांगितलं, त्यांनी तेच शोधलं. ते नव्हतंच."

गोकुळाला आता सगळं दिसत होतं, आणि ते दिसू नये असं वाटत होतं. मत्स्यबीज सोडण्याआधी बोडीत ढेप टाकतात, हे ढिवराच्या पोराला सांगावं लागत नाही. मरळ असली तर ती बीज खाऊन टाकते. म्हणून आधी ढेपेनं बोडी मारायची, पाणी निवळू द्यायचं, मग बीज. पाणी निवळेपर्यंत तुडूम उघडायचं नाही, एवढीच काळजी. पण पाऊस जोराचा आला आणि बोडीची पार फुटायला आली, तर?

"बोडी बटईनं कोणं केली होती, ते गुणवंतराव सांगत नाई."

"मला त्यांची गरज वाटत नाही. तुझी उलटतपासणी झाली तेव्हा वकिलाने काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, ते आठवतं?"

"तोंडपाठ आहे. घरी अमर वकील बनाचा, अन् मी उत्तर द्याची. रोज जेवण झालं का बसत होतो." ती डोळे मिटून म्हणू लागली. श्रीहरी वकिलांनी विचारलं, तलावावर पहारा कुणाचा असतो? आमच्या गटाचा. त्या रात्री कोण होतं? पाऊस होता, पहाऱ्यावर कोणी नव्हतं. मासे केव्हा दिसले? सकाळी. "अन् मी सांगितलं, का वरच्या बोडीचं तुडूम त्या राती बंद होतं, ते मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"थांब. वकिलाने बोडीचं विचारलं होतं?"

"नाई."

"न्यायाधीशांनी?"

"नाई. अमर म्हणे, हे कसंही करून बोलून टाकजो. केस पक्की होते."

"तू पाहिलं होतंस?"

"नाई," गोकुळा म्हणाली. "अमरनं पाह्यलं होतं."

सुगंधाबाई हळू बोलल्या, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा. "त्या दिवशी कोर्टात बोडीचा विचार कुणाच्याच मनात नव्हता. शालिकरामच्या नाही, वकिलाच्या नाही, तुझ्याही नाही. जी गोष्ट कुणी विचारली नाही, तिचं उत्तर तुझ्या तोंडात घालायची गरज फक्त एकाच माणसाला होती. त्या तुडुमाची भीती ज्याला होती त्याला."

बरणीतला फेस अजून तसाच होता. गोकुळाने ती उचलून मोरीत रिकामी केली आणि घासत बसली. किती वेळ घासत होती, तिचं तिलाच कळलं नाही.

६

अमर अंगणात जाळं शिवत होता. गोकुळाने त्याच्यासमोर पाट टाकला.

"बोडी तूनं केली होती?"

सुतळी ओढणारा हात थांबला. घरातून रिंकू दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"कोणं सांगितलं?"

"तू सांग."

त्याने जाळं बाजूला सारलं. मग एकदम बांध फुटल्यासारखा सुरू झाला. गट बायांचा, तलाव बायांचा, त्याच्या नावावर काहीच नव्हतं. गुणवंतरावाकडून बोडी बटईने घेतली, पण ठेकेदाराच्या माणसाशी हात मिळवला असं वहिनी म्हणेल म्हणून सांगितलं नाही. ढेप टाकली आणि त्याच रात्री पाऊस धरला. पार खचत होती. तुडूम उघडलं नसतं तर बोडी फुटून सगळंच गेलं असतं.

"मले वाटलं, एवढ्या मोठ्या तलावात काय होते थोड्याशा पाण्यानं? सकाळी तू काठावर उभी राहून 'शालिकरामनं मारलं' म्हणून ओरडून राह्यली होती. मी काईच नाई बोललो, वैनी. फक्त नाई बोललो."

"मंग बोलला ना! पंप धुताना पाह्यलं म्हणला."

"तूच तर इचारलं, पाह्यलं ना तूनं? मी हो म्हणलो."

"अन् वकील नको म्हणला. फुकटचा वकील समोरच्याच्या खिशात जाते म्हणला. तुह्यासारखी बोलणारी जिल्ह्यात नाई म्हणला. मी फुगली येड्या बह्याडासारखी."

रिंकू दारातून म्हणाली, "आता झालं ते झालं, बाई. हरली केस तर हरली. घर तर राहीन."

"तलाव जाईन, रिंकू. बाया कुठी जातीन?"

अमरने मान वर केली. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज बदलला होता. त्या आवाजाची गोकुळाला भीती वाटली. "तूनं शपथ घेऊन सांगितलं आहे, वैनी. तुडूम बंद होतं, माह्या डोळ्यानं पाह्यलं. ते कोर्टात लिहून आहे. आता उघडं होतं म्हणशीन तर मी खोटा नाई ठरत. तू खोटी ठरते."

ते खरं होतं. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य तिने आपलं म्हणून बोलून टाकलं होतं, आणि आता ते तिच्याच गळ्यात अडकलं होतं.

७

विधी सेवा समितीने दिलेली वकील पुनम वयाने गोकुळाच्या पोरीसारखी होती. तिने आधी ऐकून घेतलं, मग पूर्ण फाइल वाचली आणि मग स्वतः जाऊन बोडी पाहून आली.

"मी केस मागं घेतो," गोकुळा म्हणाली. "शालिकरामची माफी मागतो अन् संपवतो."

"नुसती मागे घेतली तर शालिकरामपुरती संपेल. पण मासे कसे मेले ते कोर्टासमोर येणारच नाही, आणि पंचायत ठराव लागू करेल. तसं करू नका." पुनमने खुर्ची जवळ ओढली. "नीट ऐका. तुमचा दीर गटाचा सदस्य नाही. बोडी गटाची नाही. विष बाहेरून आलं हे सिद्ध झालं तर हलगर्जी गटाची ठरत नाही, आणि ठेका काढून घ्यायला पंचायतीकडे कारण उरत नाही. शालिकरामला वगळायचं, अमर आणि गुणवंतराव यांना प्रतिवादी करायचं आणि तुमची साक्ष पुन्हा घ्यावी असा अर्ज द्यायचा. हे सगळं करता येतं. पण त्यासाठी तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागेल, की आधीचं खोटं होतं."

"मंग मले जेल होते का?"

"खोट्या साक्षीची चौकशी लागू शकते. लागेलच असं नाही, लागणार नाही असंही मी सांगणार नाही. गप्प राहायचं तर तोही तुमचा हक्क. मग तलाव जाईल."

गोकुळाने विचारलं, "तू माह्या जागी असती तर?"

"मी तुमच्या जागी नाही, मावशी. म्हणूनच मी तुमच्या कामाची आहे."

तारखेच्या दिवशी गटातल्या बाया मागच्या बाकांवर दाटीने बसल्या होत्या. अमर दारापाशी उभा होता. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. अर्जावर दोन्ही वकिलांचं बोलणं झालं, आणि न्यायाधीशांनी गोकुळाला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. शपथ झाली.

पुनमने थेट विचारलं. "वरच्या बोडीचं तुडूम त्या रात्री बंद असल्याचं तुम्ही स्वतः पाहिलं होतं का?"

"नाई."

"मग तसं का सांगितलं?"

"मले सांगाले लावलं होतं."

"कुणी?"

गोकुळाने दाराकडे पाहिलं. कोलूला ताप चढला होता तेव्हा याच पोराने त्याला पाठीवर घेऊन नाला ओलांडला होता. मग तिने बाकांकडे पाहिलं. त्या बाया तिच्याकडे पाहत नव्हत्या, तिच्या ओठांकडे पाहत होत्या.

"माह्या दिरानं. अमरनं. ढेप त्यानंच टाकली होती, अन् तुडूम त्यानंच उघडलं होतं. मले त्यानं सोता सांगितलं."

श्रीहरी वकील या वेळी उठले. "म्हणजे मागच्या वेळी शपथेवर तुम्ही खोटं बोललात?"

पुनम अर्धी उभी राहिली. पण गोकुळाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"हो जी. न पाह्यलेलं पाह्यलं म्हणली."

टाइप करण्याचा आवाज काही वेळ चालू राहिला. न्यायाधीशांनी आदेश सांगितला. शालिकरामला दाव्यातून वगळण्यात येत होतं, त्याचा खर्च गोकुळाने द्यायचा होता. अमर आणि गुणवंतराव यांना नोटीस निघणार होती. निकाल लागेपर्यंत तलाव गटाकडेच राहील, पंचायतीने ठराव लागू करू नये. "खोट्या साक्षीबद्दल काय करायचं," त्या म्हणाल्या आणि गोकुळाकडे क्षणभर पाहत राहिल्या, "ते निकालाच्या वेळी ठरवीन."

बाहेर शालिकराम तिच्या जवळून गेला. थांबला, काहीतरी टोमणा त्याच्या तोंडावर आला होता. तो त्याने गिळला आणि चालू लागला.

अमर झाडाखाली बसला होता. गोकुळा त्याच्यासमोर गेली तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"मी जातो साहेबांसमोर, वैनी. सोताच सांगतो सगळं. पाऊस होता, पार फुटून राह्यली होती. कोणालेही समजन."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिच्या मनात आलं. हात उचलला गेलाही होता. तोच हात तिने त्याच्या दंडाला लावला आणि त्याला उठवलं.

"चूप बस," ती म्हणाली. "आधी वकील पाह्य."